आधं-आधं

लांजेवार सरांनी काही शिकवलं नाही, असं म्हणणार नाही.
नमुना आठ उलटा धरला तरी वाचता येतो मला,
गावठाणातली जागा आणि ले-आउटचा प्लॉट
वासानं ओळखते.
बँकेचा माणूस भिंत ठोकून पाहतो
तेव्हा घरमालकाला चहाच्या निमित्तानं आत न्यायचं,
सिबिलचं विचारायचं ते लेकराबाळांची चौकशी झाल्यावर,
आणि घरच्या बाईची सही घ्यायची तर
पेन आपला, पण पाट तिचा.

हे सगळं साकोलीच्या बसस्टँडमागं,
झेरॉक्सच्या दुकानाला लागून, दहा बाय आठच्या खोलीत.
बोर्डावर सरांचं नाव, सरांचा फोटो,
बँकेत सरांचाच कोड.
माझी खुर्ची, म्हणजे स्टूल, दाराच्या फटीत.
"आधं-आधं," पहिल्या दिवशी सर म्हणाले होते
आणि समोसा मधोमध तोडला होता.
मोठा तुकडा कुणाकडं गेला
हे तेव्हाच पाहायला हवं होतं.

पहिली फाइल मोरेश्वर बारापात्रेंची.
आश्रमशाळेत कामाठी,
दोनशे पोरांचा भात उपसून मनगटं वाकडी,
पगार मात्र सरळ खात्यात.
सात खेपा केल्या मी स्कूटीवर,
एकदा नवेगावच्या वळणावर रोही आडवा आला.
नऊ लाख साठ हजार मंजूर झाले
तेव्हा काकांनी बँकेच्या दारातच चप्पल काढली.

कमिशन अठ्ठेचाळीसशे.
माझ्या हातात सातशे.

डायरीवर बोट फिरवत गेले सर.
सरकारचे दोनशे चाळीस. बरोबर.
मग आधं-आधं, बावीसशे ऐंशी. हेही बरोबर.
मग तुझ्या वाट्यातून पेट्रोल सहाशे.
पेट्रोल मी भरलं सर.
पण पंपावर उधारी माझ्या नावानं होती.
झेरॉक्स एकशे ऐंशी.
शिकवणी आठशे.

शिकवणी!
मग फळा लावा ना, म्हटलं, हजेरी घ्या.
सर म्हणाले, माझ्या पहिल्या तीन फाइली
नागपूरवाल्यानं अख्ख्या गिळल्या,
मी चकार शब्द काढला नाही.
काढायचा होता, मी म्हटलं.

तीन आठवडे अबोला.
काम चालूच. चावी खिळ्याला, कागद टेबलावर,
निरोप झेरॉक्सवाल्या पोराच्या तोंडून.
त्यानंच कुठंतरी सांगितलं असणार,
कारण एक दिवस बारापात्रे काका दारात.
"म्हंजे माह्या कर्जाचे तुमाले पैसे भेटतेत?"
हो काका.
"मंग माह्या घरात तुमची बी एक खोली हाय का जी?"
उत्तर द्यायला आम्ही दोघांनी एकदम तोंड उघडलं
आणि एकदमच मिटलं.

घरभरणीला बोलावलं त्यांनी दोघांनाही.
पंगतीत शेजारी बसवलं.
लाखोरीचे वडे, वांग्याची भाजी,
स्लॅबला अजून ओल्या सिमेंटचा वास.
सर सवयीनं भिंत ठोकून आले.
आहेराच्या वहीवर पुतण्या बसलेला,
त्याला सरांनी पाकीट दिलं, नाव सांगितलं:
लांजेवार. मग जरा थांबून,
आणि प्रणोती हटवार. पाचशे एक.
एका ओळीत दोन्ही नावं, निळ्या शाईत,
हटवारमधला ट जरा पुसट.
घास अडकला माझा.

सोमवारी मी स्टुलावर टेकायच्या आत
डायरी उघडलेली.
आहेर, तुझ्याकडून येणं:
दोनशे पन्नास रुपये, पन्नास पैसे.

पन्नास पैसेसुद्धा.
इतकं चोख आधं-आधं
त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

मी तीनशे ठेवले टेबलावर.
सर म्हणाले, सुटे नाहीत.
मग लिहा, म्हटलं, तुमच्याकडून येणं,
एकोणपन्नास रुपये पन्नास पैसे.
सरांनी डायरी माझ्याकडं फिरवली.
पेन मी माझा काढला.